ऐकलेली गोष्ट पडद्यासाठी लिहिताना

(कार्यकर्त्यांच्या पटकथालेखन शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे गोष्टींचा तुटवडा नाही. सल्ला केंद्राचे कपाट उघडले की गोष्टीच गोष्टी. तरीही पटकथा लिहायला बसले की कागदावर उतरते ते भाषण. नायिका सासूला कायद्याची कलमे समजावू लागते आणि वस्तीतल्या बायका पाणी भरायला उठून जातात.

पटकथेत दिसते आणि ऐकू येते तेवढेच लिहायचे. ‘तिला घरखर्चासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो’ हे वाक्य अहवालात शोभेल. कॅमेऱ्याला ते टिपता येत नाही. मग काय टिपता येईल? ती तेलाची बाटली तव्यावर उलटी धरते. थेंब पडायला वेळ लागतो. मुलगी दुकानातून रिकाम्या हाताने परतते आणि म्हणते, ‘काका म्हणाले, आधीची उधारी द्या.’ नवरा जेवून उठतो, खिशातून तंबाखूची नवी पुडी काढतो. एवढे लिहिले की दीड पानाचे संवाद आपोआप गळतात.

प्रत्येक प्रसंगावर जागा, आत की बाहेर, दिवस की रात्र, एवढे लिहावे. रूढ मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट. लिहून झाले की ज्यांची बोली आहे त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. बीडची ऊसतोड कामगार बाई सदाशिव पेठेच्या मराठीत रडू लागली, तर त्या लगेच हसतील. हसू द्या, आणि ते वाक्य बदला.

हे आपल्याला जमणार नाही, असे मानू नका. सुमित्रा भावे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या. ज्या बायकांवर संशोधन केले त्यांनाच अहवाल वाचता येत नाही, या अडचणीतून त्या चित्रपटाकडे वळल्या. १९८५ साली ‘बाई’ आली, १९९५ साली ‘दोघी’.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. बाई आपल्याला तिची गोष्ट सांगते ती मदतीसाठी, फिल्मसाठी नव्हे. नुसते नाव बदलून भागत नाही. तीन मुली, नवरा एसटीत, घर देवळामागे, एवढ्यावर सगळे गाव तिला ओळखते. म्हणून गाव बदला, धंदा बदला, चार जणींचे अनुभव एकत्र करा. एकीचीच गोष्ट हवी असेल तर तिची परवानगी घ्या. पण तिची केस आपल्याकडे चालू असताना नको. तेव्हा ती ‘नाही’ कशी म्हणणार? लिहिलेले तिला वाचून दाखवा आणि ती ‘हे काढा’ म्हणाली तर काढा, मग तो प्रसंग कितीही चांगला साधलेला असो. बलात्कारित स्त्रीची ओळख छापणे किंवा प्रसिद्ध करणे तर, मोजके अपवाद सोडता, गुन्हाच आहे. पूर्वी हे भारतीय दंड विधानाच्या कलम २२८-अ मध्ये होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे.

थोडे आपल्या हक्काबद्दल. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच म्हटले आहे. तेव्हा चहा पिता पिता कल्पना सांगत फिरू नका, पूर्ण लिहून काढा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन संहितेची नोंदणी करता येते. वाद झाला तर तारखेचा पुरावा हाताशी राहतो. निर्मात्याशी करार लेखीच करा, मग तो कितीही ओळखीचा असो. श्रेयनामावलीत नाव कसे येणार, पैसे कोणत्या टप्प्यावर किती, हे त्यात हवे. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील रॉयल्टीचा लेखिकेचा हक्क निर्मात्याला लिहून घेता येत नाही. ‘बाईंना फक्त काम हवे होते’ म्हणून कोऱ्या जागांवर सह्या घेणारे पुष्कळ आहेत.

दुपारच्या सत्रात प्रत्येकीने एकच प्रसंग लिहायचा आहे, दोन पानांचा. पहिल्या पानावर कोणीही बोलायचे नाही.