पावसाळा आणि निर्धन रुग्ण निधी
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरले आणि पाठोपाठ मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. कांजूरमार्गाच्या पश्चिमेस टेकडीचा उतार, पूर्वेस खाडीकडील सखल भाग. त्यामुळे तुंबलेल्या पाण्यातून कामावर जाणे येथील अनेकांना आजही चुकत नाही.

उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातील जंतू पायाच्या किरकोळ जखमेतून शरीरात शिरतात. वेळीच उपचार झाल्यास स्वस्त औषधांनी रुग्ण बरा होतो. विलंब झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन डायालिसिसची वेळ येते. या विलंबाचे एक मोठे कारण बिलाची धास्ती हे आहे, असा आमचा अनुभव आहे. चार दिवस ताप अंगावर काढून आलेल्या रुग्णाचे आप्त खिडकीवर प्रथम विचारतात, "डिपॉझिट किती?"

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. या खर्चासाठी इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते.

येथे हिशेबाची अडचण उभी राहते. निधीत जमा वर्षभर थोडी थोडी होते. साथीचा खर्च मात्र दोन महिन्यांत येऊन पडतो. २०२१ मध्ये कांजूरमार्ग येथे महापालिकेचे भव्य कोविड केंद्र उभे राहिले होते. संकटात खाटा उभारता येतात, हे त्यावरून दिसले. परंतु आमच्यासारख्या संस्थेस रिकामा निधी ऐन ऑगस्टमध्ये भरता येत नाही.

म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे की, आपली देणगी शक्यतो पावसाळ्यापूर्वी व याच निधीसाठी द्यावी. आप्तजनांना आग्रहाचे सांगणे असे की, तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप आल्यास थांबू नये. शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला मागाहून आणता येईल. रुग्णास प्रथम आणावे.