गाणे घेऊन जाणारी मुले
(पालक मेळाव्यातील भाषण)



आज मी आपल्यापुढे एक कबुली द्यायला उभा आहे. मागील वर्षी आमच्या समूहगान पथकाला दुसऱ्या जिल्ह्यातील एका शाळेने बोलावले होते. दोन रात्रींचा मुक्काम आणि त्यांच्या मुलांबरोबर संयुक्त कार्यक्रम. पथकात चौदा मुले-मुली होती; संमतिपत्रे आली पाच. पथक गेले नाही. तेव्हा मला आपला राग आला होता. आज वाटते, चूक माझी होती. मी घरोघरी एक छापील चिठ्ठी पाठवली. मुलगी कोणाच्या घरी झोपणार, जेवण कसले असेल, बरोबर कोण असेल आणि गाऊन मिळणार काय, यांपैकी एकाचेही उत्तर तिच्यात नव्हते.

हे प्रश्न केवळ आपलेच नाहीत. परदेश दौऱ्यावर निघालेल्या युवक गायनपथकांनाही ते सुटत नाहीत. अशा दौऱ्याचा खरा आधार असते ते यजमान पथक. पाहुण्या मुलांना ते हॉटेलात नव्हे, तर बहुधा आपल्या सभासदांच्या घरी उतरवते. कोण काय खातो, काय खात नाही, कोणाला कसले औषध लागते, हे आधी पत्राने कळवलेले असते. शेवटी दोन्ही पथके मिळून एखादे गाणे गातात. परभाषेतील ते गाणे मुले आपल्या लिपीत लिहून घेतात आणि अर्थ विचारून पाठ करतात.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लँगॉथ्लेन नावाचे छोटे गाव आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४७ साली तेथे आंतरराष्ट्रीय गायन महोत्सव सुरू झाला. परदेशी गायकांना गावकऱ्यांनी आपल्या घरांत जागा दिली. १९४९ साली जर्मनीतील ल्युबेक शहराचे पथक आले. युद्ध संपून जेमतेम चार वर्षे झाली होती. आपले स्वागत कसे होईल, या धास्तीने ते गायक व्यासपीठामागे उभे होते. निवेदकाने मात्र त्यांची ओळख जर्मनीहून आलेले आपले मित्र अशी करून दिली आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काल ज्यांच्याशी युद्ध झाले, त्यांना मित्र म्हणून ऐकून घेणारे हे गाव आपल्या कोराडीसारखेच साध्या माणसांचे होते.

गाऊन मिळते काय? १९५५ साली याच महोत्सवात इटलीच्या मोदेना गावचे पथक पहिले आले. त्यात एक बेकरीवाले गृहस्थ आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा शेजारी-शेजारी गात होते. तो मुलगा पुढे जगप्रसिद्ध गायक लुचियानो पाव्हारोत्ती झाला. आपला मुलगा पाव्हारोत्ती होईल असे मी म्हणत नाही. पण वडील मुलाबरोबर गेले होते, एवढे लक्षात ठेवा.

आपल्याकडेही हे घडले आहे. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ साली गायनपथक उभारले. त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी अनेक वर्षे त्याचे नेतृत्व केले, युरोपचे दौरे केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंज्योती यांची ‘द्राविडियन डिथिरॅम्ब’ ही रचना अर्थाच्या शब्दांविना, नुसत्या स्वरांवर आणि अक्षरांवर चालते. आज अमेरिकेतील विद्यार्थी ती गातात. मुंबईत जन्मलेले गाणे परक्यांच्या गळ्यात रुजले ते असे.

बंधू-भगिनींनो, गाण्याविषयी प्रत्येक घराचे मत सारखे नसते. मी त्याचा मान राखतो. ज्या घराला नको असेल, त्याला आग्रह नाही. पण भीती हेच कारण असेल, तर थोडे मागे वळून पाहा. १९७४ साली येथील वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. त्या काळात कितीतरी माणसे पोटासाठी या गावी आली. तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी पहिली रात्र कोणा अनोळखी माणसाच्या ओसरीवर काढली असेल. कोणीतरी दार उघडले, म्हणून आपण आज येथे आहोत. आपल्या मुलांनीही एकदा पाहुणे व्हावे आणि परत येऊन कोणाचे तरी यजमान व्हावे, एवढेच माझे मागणे आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही एक सांगतो. पथकात दुसऱ्याचा आवाज ऐकू येईल एवढ्याच मोठ्याने गावे लागते. ही सवय जन्मभर पुरते.

यंदा पुन्हा बोलावणे आले, तर मी चिठ्ठी पाठवणार नाही. यजमान घराचा पत्ता, जेवणाची माहिती आणि बरोबर येणाऱ्या शिक्षिकांची नावे घेऊन मी स्वतः आपल्या दारी येईन. दोन पालकांनी सोबत यावे, अशी विनंतीही करीन. आपण मनमोकळे प्रश्न विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर खुशाल नाही म्हणा. पण न विचारता नाही म्हणू नका.