धाव आणि रोजा

व्यावसायिक फुटबॉलपटू नव्वद मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यातलं बरंचसं नुसतं चालणं, हळूहळू पळणं. जीव खाऊन धावणं दहावा हिस्साही नसतं. पण कस तिथंच लागतो. स्नायूंतली क्रिएटिन फॉस्फेटची शिदोरी काही सेकंदांतच सरत येते आणि पुरती भरायला काही मिनिटं लागतात. चेंडू तेवढा थोडाच थांबतो! अर्ध्या मिनिटात पुन्हा धाव, अर्ध्यामुर्ध्या शिदोरीवर. मांडीमागचा स्नायू दुखावतो तो बहुधा अशाच धावेत.

आता हेच रोजा ठेवून, पाण्याचा घोटही न घेता करायचं. २६ एप्रिल २०२१ ला लेस्टरमध्ये क्रिस्टल पॅलेसशी सामना रंगात असताना सूर्य मावळला. दोन्ही कप्तानांनी पंचांशी आधीच ठरवलं होतं. त्याप्रमाणे पॅलेसचा गोलरक्षक ग्वाइता यानं गोलकिक जरा लांबवली. तेवढ्यात लेस्टरचा फोफाना आणि पॅलेसचा कुयाते यांनी रोजा सोडला. पॅलेस तेव्हा १-० नं पुढे होता. आघाडीवरच्या संघानं वेळ काढावा आणि तो गोड वाटावा, हे मैदानावर विरळाच. शेवटी जिंकला मात्र लेस्टर, २-१.