लवंग नव्हे, क्लोव्हर!

मागच्या आठवड्यात बुदैयातल्या एका ताईंनी मला एक बाटली दाखवली. "रेड क्लोव्हरच्या गोळ्या आहेत, लवंगेच्याच ना? अंगातून वाफा येतात म्हणून मैत्रिणीनं दिल्यात." क्लोव्ह म्हणजे लवंग, तेव्हा क्लोव्हरही तेच असणार, असा त्यांचा हिशोब. चूक त्यांची नाही, नावंच तशी फसवी आहेत.

क्लोव्हर हे गुरांचं वैरण. तीन पानांचं, गुलाबी-जांभळ्या गोंड्याचं. थंड, ओलसर हवेतलं पीक ते, आपल्या इथल्या उन्हात टिकायचं नाही. पण त्याची चुलत भावंडं तुम्ही रोज बघता. बुदैया रस्त्यालगतच्या मळ्यांत खजुराखाली हिरवंगार जत असतं ना? इथले शेतकरी शेळ्या-मेंढ्यांना घालतात ते? तेच आपलं लसूणघास, नगर-पुण्याकडे नुसतं 'घास' म्हणतात. इंग्रजीत अल्फाल्फा. आणि दुसरं भावंड म्हणजे मेथी. या घराण्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून शेतकऱ्याला ही पिकं प्रिय.

गुरं पाळलेल्यांना त्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. उपाशी गायीला कोवळा, दवाने ओला घास पोटभर घातला तर पोट फुगतं, वेळेत उपाय झाला नाही तर जनावर जातं. म्हणून आमच्या गावाकडे आधी कडबा, मग घास. हिरवा चारा म्हणजे आपोआप निर्धोक, असं गोठ्यात कुणी मानत नाही. बाटलीत भरला की मात्र आपण तसं मानतो, हे मला जरा खटकतं.

आता मेंढ्यांची गोष्ट सांगते, कारण त्या गोळ्यांशी तिचा थेट संबंध आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1940 च्या दशकात क्लोव्हरच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. कुरण हिरवं, मेंढ्या धडधाकट, आणि कोकरं नाहीत. 1946 साली तिथल्या पशुवैद्यकांनी हा प्रकार छापून मांडला. ते क्लोव्हर वेगळ्या जातीचं होतं, पण पुढे त्यात जो दोषी सापडला, तो फॉर्मोनोनेटिन नावाचा पदार्थ रेड क्लोव्हरमध्येही असतो. मेंढीच्या पोटात त्याचं रूपांतर होऊन तो स्त्री-संप्रेरकासारखा, म्हणजे इस्ट्रोजेनसारखा वागतो.

आणि नेमक्या याच गुणासाठी पाळी जाण्याच्या वयात बायका रेड क्लोव्हर घेतात. युरोप-अमेरिकेत त्याच्या फुलांचा काढा खोकल्यावर, त्वचेच्या तक्रारींवर फार पूर्वीपासून चालत आला; संप्रेरकासाठीच्या गोळ्या अलीकडच्या. वाफा कमी होतात का? काही चाचण्यांत थोडा फरक दिसला, काहींत दिसला नाही. माणूस काही मेंढी नाही, आणि गोळी म्हणजे दिवसभराचं कुरण नाही, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग होऊन गेला असेल, टॅमॉक्सिफेन चालू असेल, रक्त पातळ करण्याचं औषध असेल, किंवा पोटात बाळ असेल, तर ती बाटली परस्पर उघडू नका.

अल्फाल्फाच्या गोळ्याही दुकानात असतात. त्यात व्हिटॅमिन के भरपूर, आणि ते वॉरफरिनच्या नेमकं उलट काम करतं. 'नुसता पालाच तर आहे' म्हणून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं, आणि रक्ताचे आकडे का बिघडले हे कुणालाच कळत नाही.

ताईंना मी विचारलं, तुमची दुसरी कुठली औषधं? तर रक्त पातळ करणारी गोळी निघाली. ती त्यांनी सांगितलीच नव्हती, कारण मैत्रिणीनं विचारलीच नव्हती. बाटली पिशवीत घालून त्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. तुम्हीही तसंच करा. नाव सांगू नका, बाटलीच न्या. नाव सांगितलंत तर लवंग ऐकू येईल.

मेथीचं म्हणाल, तर बाळंतिणीला आपण मेथीचे लाडू देतो आणि इथल्या घरांत तिला हिल्बा देतात. त्या विषयावर पुढच्या वेळी बसू. तोवर हिवाळ्यात शनिवारी बुदैयाच्या बागेत शेतकरी बाजार भरतो तिकडे जाऊन या, आणि येताना मेथीची जुडी आणा, भाजीसाठी.