मायबाप मालक आणि मुका कामगार

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून लोखंडी सळई तयार होते. अडीनडीला उचल देणारा मालक भट्टीवरच्या कामगाराला मायबाप वाटतो. मालकाच्या आस्थेने कामाला हुरूप येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने महाराष्ट्राला ते दाखवून दिले आहे. परंतु उपकाराखाली दबलेला माणूस उलट बोलत नाही. भंगारात ओल किंवा बंद डबा दिसला, तरी ‘भट्टी थांबवा’ असे म्हणण्यास त्याची जीभ रेटत नाही. आणि स्फोट झाला तर प्रथम तोच भाजतो. आस्थेने उत्पादन वाढेल; सुरक्षितता मात्र निर्भय कामगारच राखू शकतो. ती निर्भयता उचलीतून नव्हे, रास्त वेतनातून आणि संघटनेतून येते. मालक माणुसकीचा असावा, मायबाप नसावा.