गिरणगावातील खानावळी

लालबाग-परळच्या चाळींत, कुटुंबकबिला कोकणात किंवा घाटावर ठेवून, एकाच खोलीत पाळीपाळीने निजणारे जे हजारो गिरणीकामगार राहत, त्यांच्या उदरभरणाची व्यवस्था बहुतांशी त्याच चाळींतील गृहिणी आपल्या स्वयंपाकघरांतून करीत, ही गोष्ट मुंबईच्या औद्योगिक इतिहासात अग्रस्थानी नमूद व्हावी अशी आहे. जेवणाचे पैसे कामगार पगार झाल्यावर चुकते करी. तोवर तांदूळ, तेल, रॉकेल उधारीवर आणावे लागे, आणि प्रसंगी अंगावरचा दागिना सावकाराकडे गहाण टाकून जबर व्याजाचा बोजा ह्या स्त्रिया वाहत. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे दरवाजे खुले व्हावेत ह्या हेतूने प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. स्थावर तारणाऐवजी स्त्रियांच्या गटाची परस्परांविषयीची हमी ग्राह्य धरून कर्जे मंजूर होऊ लागली, आणि लिहितावाचता न येणाऱ्या बाईची पत तिच्या शेजारणींच्या शब्दावर कागदोपत्री मान्य झाली, हे मला फार मोलाचे वाटते. १९८२च्या गिरणीकामगारांच्या संपानंतर खानावळींचे गिऱ्हाईक पांगले, तेव्हा मंडळाने कचेऱ्यांना व समारंभांना भोजन पुरविण्याच्या कामावर भर दिला.