चित्राखालचे नाव

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)





मेळाव्यांतून आणि प्रदर्शनांतून छापील चित्रांचे दालन कसे उभारावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हाला केली आहे. विषय ऐकून काहींना वाटेल की, यात बोलण्यासारखे काय आहे? चार खांबांचा मांडव उभा करावा, चित्रे टांगावीत आणि खुर्ची टाकून बसावे. आम्हालाही प्रथम असेच वाटले होते. आमची ती समजूत कशी चुकीची ठरली, हेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

बंधू-भगिनींनो, छापील चित्राशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या शिळाछापांमुळे देवादिकांची रंगीत चित्रे गरिबांच्या भिंतींवर आली. ज्या देवळाची पायरी चढण्याची आपल्या पूर्वजांना बंदी होती, त्या देवळातला देव कागदावर मात्र त्यांच्या झोपडीत येऊ शकत होता. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी अशी चित्रे असतील. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली आणि घरोघरी ती चित्रे उतरली. भिंतीवरचा खिळा मात्र तोच राहिला. त्याच खिळ्यावर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर चढली. ती तसबीर कुठून आली? दीक्षाभूमीच्या रस्त्यावरून आली, सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ लागणाऱ्या स्टॉलवरून आली. पोथी नाही, मूर्ती नाही, पदरी पैसा नाही, अशा माणसाच्या घरातली पहिली कलाकृती म्हणजे ते छापील चित्र होय. म्हणून चित्रांचे दालन उभारणे ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. रस्त्याच्या कडेला चादर अंथरून चित्रे विकणारा माणूस हाच या कामातला आपला पहिला गुरू आहे.

आता आमच्या पहिल्या दालनाची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका उपनगरात निरनिराळ्या देशांतून आलेल्या समाजांचा मेळावा भरला होता. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद एवढी जागा आम्हाला मिळाली. आमच्यापैकी एका कुटुंबाने नागपूरहून आणलेले बाबासाहेबांचे एक सुंदर चित्र जपून ठेवले होते. निळा कोट, हातात संविधान आणि उंचावलेले बोट. ते स्कॅन करून त्याच्या पंचवीस प्रती काढाव्यात, असे ठरले. येथे तयार मिळणाऱ्या स्वस्त चौकटी ए-थ्री आकाराच्या असतात. मूळ चित्र मात्र पंधरा इंच रुंद आणि वीस इंच उंच होते. उंची जुळवली तर रुंदी सुमारे दोन सेंटिमीटर जास्त होई. उंचावलेले बोट कापले जाऊ नये म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूची कड कापली. चित्र चौकटीत चपखल बसले आणि आम्ही समाधान पावलो.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी एक वृद्ध ऑस्ट्रेलियन बाई दालनात आल्या. त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, "हे कोणाचे?" आम्ही उत्साहाने बाबासाहेबांची माहिती सांगू लागलो. कोलंबिया, लंडन, महाडचे तळे, राज्यघटना. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "चित्रातले गृहस्थ कोण, हे आता कळले. चित्र कोणी काढले?"

आम्ही निरुत्तर झालो. चित्र उलटून पाहिले, मागे काही नव्हते. मग खालच्या कोपऱ्यात बारकाईने पाहिले. तेथे दोन बारीक रेघा दिसत होत्या. एका सहीचे ते पहिले अक्षर होते. उरलेली सही, त्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीबरोबर, आमच्याच हाताने केराच्या टोपलीत गेली होती.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. ज्यांनी धरणे बांधली, गिरण्या चालवल्या, रस्ते केले आणि ज्यांचे नाव कोणत्याही कोनशिलेवर कोरले गेले नाही, त्यांची आम्ही लेकरे. आमच्या श्रमाचे नाव इतरांनी पुसले, ही आमची जन्माची तक्रार. आणि आमच्याच कोणा भावाने रात्री जागून काढलेल्या चित्रावरचे नाव आम्ही चौकटीच्या सोयीसाठी कापून टाकले होते!

यातून आम्ही जे शिकलो, ते दोन भागांत सांगतो. पहिला भाग हाताच्या कामाचा.

मांडव, ज्याला येथे गझिबो म्हणतात, तो वाऱ्याने उडतो. मैदान असो वा फरसबंदी, प्रत्येक पायाला किमान वीस किलो वजन बांधावे. फरसबंदीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे डबे आदल्या दिवशीच भरून ठेवावेत. आयोजक बहुधा एक किंवा दोन कोटी डॉलरच्या पब्लिक लायबिलिटी विम्याचे प्रमाणपत्र मागतात. त्याची तजवीज अर्ज करण्यापूर्वीच करावी. विजेची तार वापरायची असेल, तर ती तपासून घेतल्याची चिठ्ठी तिच्यावर असावी लागते.

चित्रे कापडी भिंतीला पिनांनी टोचू नयेत. लोखंडी जाळीचे पट उभे करून त्यांवर आकड्यांनी टांगावीत आणि जाळीचे पाय एकमेकांना बांधावेत. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर यावा, म्हणजे उभ्या माणसाची नजर सरळ पडते. मुलांसाठी एक रांग खाली असावी. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक वापरावे. ते हलके असते आणि पडले तरी कोणास इजा होत नाही. येथील ऊन कडक आहे. साध्या शाईचे चित्र उन्हात भराभर विटते, म्हणून दालनाचे तोंड दक्षिणेकडे ठेवावे. या गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, हे आपण गावाकडच्या सवयीने विसरतो. विक्रीच्या प्रती आम्लविरहित पुठ्ठ्याला टेकवून पारदर्शक पाकिटात घालाव्यात आणि पेटीत उभ्या रचाव्यात, म्हणजे लोकांना चाळता येतात. भारतातून चित्रे आणताना ती नळीत गुंडाळून आणावीत, चौकटी येथेच घ्याव्यात. लाकूड व बांबू यांच्या वस्तू आणल्यास विमानतळावर जाहीर कराव्या लागतात आणि त्यांत कीड आढळल्यास त्या जप्त होऊ शकतात.

दालनात फार चित्रे लावू नयेत. पहिल्या वेळी आम्ही चाळीस चित्रे लावली होती आणि लोक भिंतीकडे पाहून पुढे निघून जात. पुढच्या वेळी बाराच लावली. लोक थांबू लागले.

दुसरा भाग मनाच्या कामाचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. तो ज्या भूमीवर आपण राहतो, तिच्याच इतिहासाने आम्हाला शिकवला.

१९६६ साली ऑस्ट्रेलियात दशमान चलन आले. एक डॉलरच्या नव्या नोटेच्या मागील बाजूस येथील मूळ रहिवाशांच्या चित्रशैलीतील एक नक्षी होती. ती अर्नहेम लँडचे चित्रकार डेव्हिड मलांगी यांनी झाडाच्या सालीवर काढलेल्या चित्रावरून घेतलेली होती. मलांगी यांना कोणी विचारले नव्हते. देशातील प्रत्येकाच्या खिशात त्यांचे चित्र होते आणि ते काढणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते. ही गोष्ट उजेडात आल्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य दिले.

दुसरे उदाहरण बंडुक मारिका यांचे. यिर्कलाच्या या कलावती लिनोकट करीत, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर ठसा उमटवीत. त्यांचे आणि इतर आदिवासी कलावंतांचे काम व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर, परवानगीवाचून, उतरवण्यात आले आणि ते गालिचे या देशात विक्रीस आले. पूर्वजांच्या पवित्र कथा लोकांच्या पायाखाली आल्या. कलावंत न्यायालयात गेले आणि १९९४ साली फेडरल कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. छापील चित्र हे कोणाचे तरी असते, हे त्या निकालाने साऱ्या देशाला सांगितले.

कायदाही हेच सांगतो. चित्र विकत घेतले म्हणजे कागद आपला होतो, प्रती काढण्याचा अधिकार आपला होत नाही. तो अधिकार भारतात कलावंताच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे, तर ऑस्ट्रेलियात हयातीत व त्यानंतर सत्तर वर्षे टिकतो. कलाकृतीबरोबर आपले नाव लावले जावे, हा कलावंताचा हक्क येथील कायद्याने २००० साली स्पष्टपणे मान्य केला आहे. म्हणजे आमच्या त्या पंचवीस प्रती काढण्यातच आमची पहिली चूक होती. सही कापली ती दुसरी.

आमच्यातील काही ज्येष्ठांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, "बाबासाहेबांचे चित्र साऱ्या समाजाचे आहे. त्यात परवानगी कसली आणि मोबदला कसला? दादरच्या रस्त्यावर कोण कोणाला विचारतो?" या आक्षेपामागची भावना आम्ही जाणतो. ती चित्रे स्वस्त होती म्हणूनच आपल्या घरी पोहोचली, हेही खरे आहे. परंतु तो विक्रेता पोटासाठी उभा होता आणि चित्रकारही बहुधा तुटपुंज्या पैशांत काम करून गेला. आपण डॉलरमध्ये कमावतो. त्या गरिबाच्या नाइलाजाला आपण आपली सवलत कशी म्हणावी? बाबासाहेब साऱ्या समाजाचे आहेत यात शंका नाही, परंतु ज्या बोटांनी त्यांचा चेहरा रेखला, ती बोटे एका माणसाची होती.

आणि नाव लिहिण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपण हे कोरीव काम केल्याची नोंद ठेवली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुताराचा, वेणुवासाच्या मुलाचा, लेख आहे. दाराचे काम त्याने केले. राजे आले आणि गेले, परंतु दोन हजार वर्षांनंतर आपण त्या सुताराचे नाव त्याच्या बापाच्या नावासह वाचू शकतो. ज्या धम्माच्या लेण्यात सुताराचे नाव दगडावर राहते, त्या धम्माच्या दालनात चित्रकाराचे नाव पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावरही असू नये काय?

म्हणून आम्ही काही नियम केले आहेत. प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी राहील. तिच्यावर चित्रकाराचे नाव आणि गाव आधी, चित्राचा विषय नंतर. चित्र एचिंग आहे, लिनोकट आहे की यंत्रावर काढलेली प्रत आहे, हे प्रामाणिकपणे लिहिले जाईल. मोजक्याच प्रती काढल्या असतील, तर कितींपैकी कितवी, तो आकडा चित्रकाराच्या सहीशेजारी असेल. परवानगीवाचून एकही प्रत काढली जाणार नाही आणि विक्रीतील ठरलेला वाटा कलावंताला पोहोचेल. चौकट चित्राच्या मापाची केली जाईल, चित्र चौकटीच्या मापाचे केले जाणार नाही. नागपूरचे सवी सावरकर यांच्यासारख्या मुद्राचित्रकाराने अस्पृश्यतेची वेदना धातूच्या पत्र्यावर कोरली. असे कलावंत आपल्यात आहेत, हे आपल्या मुलांना येथेच कळले पाहिजे. केवळ चित्रातला महापुरुष नव्हे, तर चित्र काढणारा हातही आपला आहे, हे त्यांना दिसले पाहिजे.

राहता राहिले ते पहिले चित्र. त्या कुटुंबाकडील मूळ प्रतीवर सही पूर्ण आहे, परंतु ती वळणदार असल्याने आजवर आम्हाला लागलेली नाही. भारतात जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर आम्ही तिचा फोटो पाठवतो. उरलेल्या प्रती आम्ही विक्रीतून काढून घेतल्या. मूळ चित्र तेवढे दालनात लावतो आणि त्याखाली लिहितो, "चित्रकाराचा शोध चालू आहे." लोक हमखास तेथे थांबतात आणि विचारतात. मग आम्ही त्यांना आमची चूक सांगतो आणि ती सांगता सांगता बाबासाहेबही सांगून होतात.

मित्रहो, आज संमेलन संपल्यावर बाहेरच्या दालनाकडे अवश्य जावे. त्या सहीचा मोठा फोटो तेथे ठेवला आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी, कोणाच्या आजोबांच्या तसबिरीवर तशीच सही असेल, तर कृपया आम्हाला सांगावे. एका माणसाचे नाव त्याला परत द्यावयाचे आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!